लुईस धक्क्यावरचे उन्हाळे : प्रॉव्हिन्सटाउन प्लेयर्सचा इतिहास

१९१५ च्या उन्हाळ्यात प्रॉव्हिन्सटाउनच्या लुईस धक्क्यावर नाटक बघायला येणारी मंडळी बसायची खुर्ची घरूनच घेऊन येत. ज्यांना ते जमत नसे ती पिंपांवर आडव्या टाकलेल्या फळ्यांवर दाटीवाटीने बसत. नाट्यगृह म्हणजे मासळी ठेवायची जुनी लाकडी वखार. भरतीच्या वेळी पाणी थेट खाली येई आणि जमिनीच्या फटींतून त्याचा आवाज ऐकू येई. चौघे जण विंगेत दिवे हातात धरून उभे राहत. रंगमंचापुढे पत्र्याचे परावर्तक लावलेले कंदील असत. आग लागलीच तर विझवायला फावडी आणि वाळू घेऊन आणखी काही जण सज्ज असत. तिकीट नव्हते, कारण तिकीट काढणारा त्रयस्थ प्रेक्षकच नव्हता. लिहिणारे, काम करणारे, फळ्या ठोकणारे आणि बघणारे एकाच रस्त्यावरचे शेजारी होते आणि खर्चाची वर्गणीही त्यांनीच आपसांत काढली होती.

या वखारीत फक्त दोन उन्हाळे नाटके झाली. पण तेवढ्यात यूजीन ओनीलचे पहिले नाटक रंगमंचावर आले, सुझन ग्लास्पेलची ‘ट्रायफल्स’ लिहिली गेली आणि अमेरिकी लेखकाने आपल्या देशाचे, आपल्या बोलीतले नाटक लिहावे यासाठी प्रॉव्हिन्सटाउन प्लेयर्स ही संस्था उभी राहिली. पुढे ती न्यूयॉर्कला गेली, नावारूपाला आली, भांडली, फुटली. तिच्या यशाचा इतिहास बहुतेक वेळा न्यूयॉर्कपासून सांगितला जातो. पण तिची घडण, तिचे नियम आणि तिचा स्वभाव त्या दोन उन्हाळ्यांत ठरला होता. म्हणून या लेखाचा मुक्काम त्या उन्हाळ्यांत जास्त आहे.

प्रॉव्हिन्सटाउन हे मॅसॅच्युसेट्समधल्या केप कॉडचे शेवटचे टोक. आकड्यासारख्या वळलेल्या या भूशिरावर तिन्ही बाजूंनी पाणी आणि मागे वाळूच्या टेकड्या. १६२० मध्ये ‘मेफ्लॉवर’ जहाज प्रथम इथे नांगरले होते, प्लिमथला ते नंतर गेले. एकोणिसाव्या शतकात हे गाव कॉड मासळी आणि देवमाशांच्या शिकारीवर श्रीमंत झाले. अझोर्स बेटांवरून आलेले पोर्तुगीज कोळी इथे पिढ्यान्पिढ्या स्थायिक झाले. मग मासेमारीला उतरती कळा लागली आणि नोव्हेंबर १८९८ च्या भीषण वादळाने कितीतरी धक्के आणि होड्या मोडल्या. रिकाम्या वखारी, ओस पडलेल्या माड्या, स्वस्त भाड्याच्या खोल्या हे सगळे त्या पडझडीतून उरले. कलावंतांना नेमके तेच हवे होते.

चित्रकार सगळ्यांत आधी आले. चार्ल्स हॉथॉर्नने १८९९ मध्ये इथे उघड्यावर चित्रे काढायला शिकवणारी शाळा काढली. दर उन्हाळ्यात समुद्रकाठी छत्र्या लावून विद्यार्थी बसत आणि गावातली पोरे थोड्या पैशांत मॉडेल म्हणून उभी राहत. १९१४ मध्ये चित्रकारांनी आणि गावातल्या व्यापाऱ्यांनी मिळून प्रॉव्हिन्सटाउन आर्ट असोसिएशन स्थापन केली. सभासदांच्या जोरावर चालणारी ही संस्था आजही संग्रहालयाच्या रूपात गावात उभी आहे. त्याच वर्षी युरोपात महायुद्ध पेटले. पॅरिसला जाणारे अमेरिकी चित्रकार आणि लेखक मायदेशी अडकले आणि न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेजमधली अर्धी वस्ती उन्हाळा घालवायला केप कॉडच्या टोकाला येऊ लागली.

पत्रकार आणि कादंबरीकार मेरी हीटन व्हॉर्सने १९०७ मध्येच इथे घर घेतले होते. तिच्या मागोमाग हचिन्स हॅपगुड आणि त्याची पत्नी नीथ बॉइस आली. मग जॉर्ज क्रॅम कुक आणि सुझन ग्लास्पेल हे जोडपे आले. दोघे आयोवा राज्यातल्या डॅव्हनपोर्टचे. कुकला सगळे ‘जिग’ म्हणत. ग्रीक साहित्याचा अभ्यासक, काही काळ विद्यापीठात प्राध्यापक, मग भाजीपाल्याची शेती करणारा, समाजवादी विचारांचा हा उंचापुरा माणूस ग्रीक रंगभूमीच्या वेडाने भारलेला होता. अथेन्समध्ये सगळे नगर मिळून नाटक करत असे, तसे अमेरिकेत का होऊ नये, हा प्रश्न त्याला झोपू देत नसे. १९११ मध्ये डब्लिनच्या ॲबी थिएटरचा अमेरिका दौरा झाला. साध्या लोकांची नाटके साध्या बोलीत होताना पाहून त्याचा विश्वास आणखी पक्का झाला. ग्लास्पेल त्याच्यापेक्षा शांत, पण लेखनात त्याच्याहून कितीतरी कसलेली. वर्तमानपत्रात बातमीदारी करून ती कथा-कादंबरीकडे वळली होती.

या दोघांनी मिळून ‘सप्रेस्ड डिझायर्स’ ही एकांकिका लिहिली. त्या काळी ग्रीनिच व्हिलेजमध्ये फ्रॉइडचे मनोविश्लेषण हा घरोघरी गप्पांचा विषय झाला होता. नवऱ्याच्या प्रत्येक स्वप्नाचा अर्थ लावणाऱ्या एका बायकोची ही गमतीदार गोष्ट. न्यूयॉर्कमध्ये नव्याने निघालेल्या वॉशिंग्टन स्क्वेअर प्लेयर्सकडे त्यांनी ती दिली, तर विषय फारच ठरावीक वर्तुळातला आहे म्हणून परत आली. प्रयोगशील म्हणवणारी मंडळीही नाकारत असतील, तर आपल्याच घरी नाटक करावे, असे उन्हाळ्यात जमलेल्या मित्रांनी ठरवले.

१५ जुलै १९१५ च्या रात्री हॅपगुडांच्या समुद्राकाठच्या घरी दोन एकांकिका झाल्या. पहिली नीथ बॉइसची ‘कॉन्स्टन्सी’. मेबल डॉज आणि पत्रकार जॉन रीड यांच्या गाजलेल्या प्रेमप्रकरणावर ती बेतलेली होती आणि ती दोघेही याच मित्रमंडळातली होती. नेपथ्य रॉबर्ट एडमंड जोन्सचे. पुढे अमेरिकी नेपथ्यकलेत ज्याचे नाव आदराने घेतले जाऊ लागले त्या जोन्सला या रात्री हाताशी एक कोच, काही उशा आणि दोन-चार दिवे एवढेच होते. त्याने पहिली एकांकिका व्हरांड्यात लावली. प्रेक्षक दिवाणखान्यात बसले आणि नटांच्या मागे खरा समुद्र होता. दुसऱ्या एकांकिकेसाठी, म्हणजे ‘सप्रेस्ड डिझायर्स’साठी, त्याने सगळे उलटे केले. प्रेक्षकांनी खुर्च्या घेऊन व्हरांड्यात जायचे आणि तिथून दिवाणखान्यात चाललेले नाटक बघायचे. जागा कमी असल्यामुळे सुचलेली ही युक्ती होती, पण तिच्यातला विचार साधा नाही. बघणाऱ्याची आणि करणाऱ्याची जागा एका रात्रीत अदलाबदल होऊ शकते, हे तिथे जमलेल्या प्रत्येकाने स्वतः खुर्ची उचलून अनुभवले.

ज्यांना बोलावणे नव्हते ती मंडळी रुसली. प्रयोग पुन्हा करायचा तर घर पुरणार नव्हते. मेरी व्हॉर्सने नुकताच लुईस धक्का विकत घेतला होता. त्यावरची वखार तिने देऊ केली.

वखार साधारण पंचवीस फूट लांब-रुंद आणि पंधरा फूट उंच. आत जुन्या होड्या, जाळी, दोर, नांगर यांचा खच. सगळ्यांनी मिळून तो उपसला. माणशी पाच डॉलर अशी वर्गणी निघाली. रंगमंच दहा फूट बाय बारा फुटांचा केला आणि तोही वेगवेगळ्या तुकड्यांचा, म्हणजे हवा तसा जोडता किंवा उंच-सखल करता यावा. मागच्या बाजूला मासळी आत-बाहेर करायचे मोठे सरकते दार होते. ते उघडले की रंगमंचाच्या पाठीमागे बंदराचे पाणी दिसे. मोठमोठ्या नाट्यगृहांना जमणार नाही असे नेपथ्य या वखारीला आपोआप मिळालेले होते.

सप्टेंबरमध्ये दोन नव्या एकांकिका झाल्या. कुकची ‘चेंज युवर स्टाइल’ गावातल्याच चित्रकारांच्या वादावर होती. जुन्या वळणाचे आणि नव्या घनवादी वळणाचे चित्रकार त्या उन्हाळ्यात एकमेकांशी खरोखर भांडत होते. चार्ल्स डेमथसारखा खरा चित्रकार तीत चित्रकाराची भूमिका करत होता. विल्बर डॅनियल स्टीलची ‘कंटेम्पररीज’ दिसायला बायबलकाळातली, पण तिचा संदर्भ न्यूयॉर्कमधल्या बेकारांनी चर्चमध्ये आसरा मागितल्याच्या ताज्या घटनेचा होता. गावात काल काय घडले, देशात परवा काय घडले, हे या आठवड्यात रंगमंचावर यायचे. त्यांच्या नाटकांची ताकद बरीचशी या जवळिकीत होती. चार भिंतींत बसून सहा महिने नाटक लिहायचे, मग निर्माता शोधायचा, मग त्याच्या म्हणण्याप्रमाणे बदलायचे, हा ब्रॉडवेच्या धंदेवाईक रंगभूमीचा रस्ता इथे कोणाला तुडवावा लागत नव्हता.

दिवसाचे वेळापत्रक मात्र आळसाचे नव्हते. या गोष्टीकडे फारसे लक्ष जात नाही. उन्हाळी वस्ती म्हटली की पोहणे, जेवणावळी आणि रात्रीच्या गप्पाच डोळ्यांपुढे येतात. ते सगळे होतेच, पण यातले बहुतेक लोक लिहून पोट भरणारे होते. सकाळ लेखनाची. दुपारी पोहणे. संध्याकाळी तालीम किंवा सुतारकाम. चित्रकारांच्या खोल्यांतही त्याच काळात नवे घडत होते. ब्रोर नॉर्डफेल्ट या स्वीडिश वंशाच्या चित्रकाराने १९१५-१६ च्या हिवाळ्यात लाकडी ठशांच्या छपाईची एक वेगळी पद्धत काढली. प्रत्येक रंगाला वेगळा ठसा कोरण्याऐवजी त्याने एकाच ठशावर आकृतींच्या कडेने चर पाडले, आणि छापताना त्या जागी कागदाची पांढरी रेघ उरू लागली. ‘प्रॉव्हिन्सटाउन प्रिंट’ म्हणून ही पद्धत पुढे प्रसिद्ध झाली. तोच नॉर्डफेल्ट वखारीत नाटकाचेही काम करत होता. विल्यम आणि मार्गरीट झोराक हे चित्रकार दांपत्य पडदे रंगवत होते. एका कलेतला माणूस दुसऱ्या कलेत बिनदिक्कत हात घालत होता. इथे तसा रिवाजच पडला होता.

गावकऱ्यांमध्येही या मंडळींचा एक मोठा आधार होता, जॉन फ्रान्सिस. किराणा दुकान चालवणारा आणि खोल्या भाड्याने देणारा हा माणूस लेखक-चित्रकारांना स्वस्तात जागा देई. ओनीलने पुढे त्याच्याच खोल्यांत बसून नाटके लिहिली.

१९१६ चा उन्हाळा सुरू होतानाच संकट आले. वखारीला आग लागली, पडदा जळाला आणि भिंती काळवंडल्या. सभासदांनी उरलेल्या भिंतीही त्याच काळसर रंगात रंगवून टाकल्या, म्हणजे जळालेल्या वेगळ्या दिसू नयेत. बाके बसवली. नवा पडदा शिवला. कुकने जाहीर करून टाकले की यंदा एकापाठोपाठ एक अनेक प्रयोग होतील. प्रश्न एवढाच होता की नाटके कुठे आहेत?

इथे ती प्रसिद्ध पेटीची गोष्ट येते. ग्लास्पेलने लिहून ठेवल्याप्रमाणे तिला रस्त्यात टेरी कार्लिन नावाचा म्हातारा अराजकवादी भेटला. तुमच्याकडे नाटक आहे का, असे तिने विचारले. तो म्हणाला, मी लिहीत नाही, पण माझ्याबरोबर राहणाऱ्या ओनीलकडे पेटीभर नाटके आहेत. गोष्ट सुरेख आहे आणि म्हणूनच ती इतकी वर्षे टिकली. इतिहासकारांना मात्र ती जशीच्या तशी मान्य नाही. ओनील या मंडळींना अगदीच अनोळखी नव्हता. जॉन रीडशी त्याची ग्रीनिच व्हिलेजमधली ओळख होती, आणि त्याच्या एकांकिकांचे एक पुस्तक वडिलांच्या पैशांनी १९१४ मध्येच छापून झाले होते. तरी ग्लास्पेलच्या आठवणीतला गाभा खरा धरायला हरकत नाही. नाटकांची गरज असलेली संस्था आणि रंगमंचाची गरज असलेला लेखक त्या जुलैत एकाच रस्त्यावर राहत होते.

ओनील तेव्हा सत्तावीस वर्षांचा होता. ‘माँटे क्रिस्टो’ हजारो वेळा करून श्रीमंत आणि कंटाळलेल्या एका नटाचा तो मुलगा. खलाशी म्हणून ब्वेनोस आयरेसपर्यंत जाऊन आलेला, दारूच्या आहारी गेलेला, क्षयाच्या इस्पितळातून बरा होऊन निघालेला. वाचनाच्या वेळी तो जवळच्या जेवणाच्या खोलीत थांबला आणि ‘बाउंड ईस्ट फॉर कार्डिफ’ दुसऱ्याने वाचून दाखवली. मालवाहू बोटीच्या कोंदट खोलीत एक खलाशी मरतो आहे, बाहेर धुके आहे, सोबती जागतो आहे. गोष्ट एवढीच. वाचन संपले तेव्हा आपण कशासाठी जमलो आहोत हे खोलीतल्या लोकांना समजले, असे ग्लास्पेल सांगते.

जुलैच्या अखेरीस प्रयोग झाला. मरणारा यँक कुकने केला आणि स्वतः ओनीलने एका वाक्याची छोटी भूमिका केली. नाटकात धुके होते आणि त्या रात्री बंदरावरही धुके उतरले होते. भोंगा वाजत होता, खाली भरती होती, फळ्यांमधून ओलावा आत येत होता. नाटकातली बोट आणि धक्क्यावरची वखार यांत फारसा फरक उरला नाही. हा केवळ योगायोग होता, पण तो घडायला अशी जागा लागते. त्याच रात्री लुईस ब्रायंटची ‘द गेम’ही होती. झोराक दांपत्याने तिचे नेपथ्य सपाट, चित्रासारखे केले आणि नटांच्या हालचालीही त्याच वळणाच्या बसवल्या. एका बाजूला खलाशांची रांगडी बोली, दुसऱ्या बाजूला पूर्ण आधुनिक शैली. संस्थेचे एकच ठरीव धोरण नव्हते आणि ते तिचे बळ होते.

त्यानंतरची ‘ट्रायफल्स’ ही तर या जागेचीच निर्मिती. पुढच्या प्रयोगासाठी ग्लास्पेलचे नाटक असेल असे कुकने तिला न विचारता जाहीर केले. नाटक लिहिता येत नाही, असे ती सांगत राहिली. तुला रंगमंच मिळाला आहे ना, एवढेच कुकचे म्हणणे. मग ती एकटीच वखारीत जाऊन बाकावर बसली आणि रिकाम्या रंगमंचाकडे बघत राहिली. थोड्या वेळाने तिथे एक स्वयंपाकघर दिसू लागले. ते स्वयंपाकघर तिने सोळा वर्षांपूर्वी खरेच पाहिले होते. डिसेंबर १९०० मध्ये आयोवात जॉन हॉसॅक नावाच्या शेतकऱ्याचा झोपेत कुऱ्हाडीने खून झाला आणि त्याच्या बायकोवर आरोप आला. तरुण बातमीदार म्हणून ग्लास्पेलने त्या खटल्याच्या बातम्या दिल्या होत्या. नाटकात पुरुष पुरावा शोधायला माडीवर जातात आणि खाली स्वयंपाकघरात दोन बायकांना अर्धवट पुसलेले टेबल, बिघडलेली शिवण आणि मान मुरगळलेला पक्षी यांतून सगळी हकिगत कळते. लिहिताना अडले की ती पुन्हा धक्क्यावर जाऊन बसे आणि पात्रे तिथून हलताना दिसली की परत येऊन लिही. ऑगस्टमध्ये प्रयोग झाला तेव्हा तिने आणि कुकने हेल पतिपत्नीच्या भूमिका केल्या. आरोपी स्त्री मात्र शेवटपर्यंत रंगमंचावर येत नाही.

४ सप्टेंबर १९१६ रोजी वखारीतच सभा भरली. एकोणतीस जण संस्थेचे कार्यकर्ते सभासद झाले. मेक्सिकोच्या क्रांतीचे वार्तांकन करून आलेल्या आणि पुढे रशियन क्रांतीवरच्या ‘जगाला हादरवणारे दहा दिवस’ या पुस्तकामुळे जगभर पोचलेल्या जॉन रीडने घटना तयार करण्यात पुढाकार घेतला. मेक्सिकोतल्या एका खेड्यात शेतकऱ्यांनी स्वतः केलेले धार्मिक नाटक त्याने पाहिले होते. ते त्याच्या मनात घर करून होते. घटनेत तीन गोष्टी ठाम होत्या. अमेरिकी लेखकांची नवी नाटके करायची आणि त्यांचे मोल ब्रॉडवेच्या मापाने मोजायचे नाही. कोणते नाटक करायचे हे सभासदांच्या मताने ठरायचे. आणि आपले नाटक कसे बसवायचे याचा अधिकार लेखकाचा. कार्यकर्त्या सभासदाने लिहिणे, काम करणे, बसवणे किंवा कष्ट देणे यांपैकी काहीतरी केलेच पाहिजे. बाकीचे वर्गणीदार. कुक अध्यक्ष झाला. ओनीलच्या आग्रहाने न्यूयॉर्कमधल्या जागेला ‘प्लेराइट्स थिएटर’ हे नाव द्यायचे ठरले.

न्यूयॉर्कला जायचेच कशाला, असे विचारणारेही होते. उन्हाळ्यात जे जमते ते हिवाळ्यात, भाड्याच्या जागेत, नोकऱ्या सांभाळून जमेल का? काही सभासदांनी माणशी तीस डॉलर घातले, त्यात हंगामातली शिल्लक मिळवली आणि सुमारे तीनशे वीस डॉलर घेऊन कुक निघाला. एवढ्या रकमेत न्यूयॉर्कमध्ये नाट्यगृह काढणे हे धाडसच होते.

मॅक्डूगल स्ट्रीटवरच्या १३९ क्रमांकाच्या घरात, बैठकीच्या खोलीचे नाट्यगृह करून ३ नोव्हेंबर १९१६ रोजी पहिला प्रयोग झाला. जेमतेम दीडशे माणसे बसू शकत. वर्गणीदारांचे मंडळ म्हणून ते चाले, दारावर तिकीट विकले जात नसे. टीकाकारांना फुकट प्रवेशिका द्यायची नाही, हेही ठरले. ज्याला यायचे त्याने सभासद व्हावे. दोन वर्षांनी संस्था त्याच रस्त्यावर १३३ क्रमांकाच्या जुन्या तबेल्यात गेली. भिंतीतली घोडा बांधायची कडी त्यांनी तशीच राहू दिली.

१९२२ पर्यंत शंभराच्या आसपास नाटके झाली. जवळपास सगळी नवी आणि अमेरिकी लेखकांची, त्यांत स्त्रियांची संख्या त्या काळाच्या मानाने फार मोठी. कवयित्री एड्ना सेंट व्हिन्सेंट मिलेने आपली ‘आरिया दा कापो’ इथेच बसवली. कवी विल्यम कार्लोस विल्यम्सने अल्फ्रेड क्रेमबोर्गच्या ‘लिमा बीन्स’मध्ये काम केले. १९१९ मध्ये ओनीलच्या ‘द ड्रीमी किड’ मधल्या कृष्णवर्णीय भूमिका गोऱ्या नटांना काळे फासून न देता कृष्णवर्णीय कलावंतांनाच दिल्या गेल्या. त्या काळात हे पाऊल साधे नव्हते.

धक्क्यावर मात्र पुन्हा नाटक झाले नाही. १९२० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतच समुद्राने तो धक्काही मोडून टाकला.

उन्हाळे संपले असे म्हणता येणार नाही. मंडळी दरवर्षी प्रॉव्हिन्सटाउनला येतच होती आणि संस्थेला लागणारी नाटके तिथेच लिहिली जात होती. ओनील तर १९१७ च्या सुरुवातीलाच तिथे परतला. महायुद्धाच्या भयगंडात वाळूच्या टेकड्यांवर भटकणाऱ्या या लेखकाला जर्मन हेर समजून पकडलेही गेले, मग सोडले. त्या काही महिन्यांत त्याने समुद्रावरच्या चार एकांकिका लिहिल्या. त्यांतली ‘आइल’ गावातल्याच एका देवमाशांच्या शिकारी कप्तानावर आणि त्याच्या वेड लागलेल्या बायकोवर बेतलेली आहे. १९१८ मध्ये त्याचे अ‍ॅग्नेस बोल्टनशी लग्नही गावातच झाले. पुढच्या वर्षी वडिलांनी त्याला पीक्ड हिल बार्स इथले जुने जीवरक्षक केंद्र घेऊन दिले. बुडत्या जहाजांवरच्या लोकांना वाचवण्यासाठी बांधलेली ही इमारत गावाच्या पलीकडे, महासागराच्या अगदी काठाशी होती. गावातून तिथे जायचे तर वाळू तुडवत चालत जावे लागे. सामान घोडागाडीतून येई. सकाळी लेखन, दुपारी लांबवर पोहणे, पाहुणे मोजकेच. ‘द एम्परर जोन्स’ त्याने इथे लिहिले. १९३१ मध्ये हीही इमारत समुद्रात गेली.

‘द एम्परर जोन्स’ ने संस्थेला शिखरावर नेले आणि तिथूनच तिची घसरण सुरू झाली. नाटक वाचून कुक इतका भारावला की रंगमंचाच्या मागे आकाशाचा भास देणारा प्लास्टरचा घुमट बांधायचाच, असे त्याने ठरवले. युरोपात असे घुमट होते, अमेरिकेत क्वचितच. संस्थेच्या शिलकीतले जवळजवळ सगळे पैसे त्यात गेले. अनेकांनी विरोध केला, तरी तो हातात थापी घेऊन कामाला लागला. १ नोव्हेंबर १९२० रोजी चार्ल्स गिल्पिन या कृष्णवर्णीय नटाने ब्रूटस जोन्सची भूमिका केली. घुमटावर पडणाऱ्या प्रकाशात जंगलाची खोली अथांग वाटू लागली. दुसऱ्या दिवसापासून वर्गणी भरायला रांगा लागल्या आणि काही आठवड्यांतच नाटक ब्रॉडवेच्या परिसरात गेले. पुढच्या वर्षी ड्रामा लीगने सन्मानितांच्या यादीत गिल्पिनचे नाव घेतले. सन्मानाच्या जेवणाला त्याला बोलवावे की नाही यावरून वाद पेटला, आणि इतर कलावंत त्याच्या बाजूने उभे राहिल्यावर निमंत्रण गेले.

यशाने सभासदांची विभागणी केली. चांगले नट प्रयोगाबरोबर ब्रॉडवेला निघून गेले. पगारी दिग्दर्शक, पगारी नट, नाटक तिकडे हलवण्याची घाई, हे सारे वाढले. सगळ्यांनी मिळून करायचे, पैशासाठी करायचे नाही, हा नियम उन्हाळ्यात कोणाला जाचत नव्हता, कारण तिथे कोणाला ब्रॉडवेकडून मागणी नव्हती. आता ती होती. कुकला वाटे, आपण मूळ हेतू सोडला. ओनीलला आपल्या नाटकांसाठी अधिक कसलेले हात हवे होते. दोघांपैकी कोणालाच चूक म्हणता येत नाही. मोठ्या लेखकाला छोटी संस्था पुरत नाही, आणि छोट्या संस्थेचा प्राण मोठे न होण्यात असू शकतो. जॉन रीड तर केव्हाच दूर गेला होता. १९२० मध्ये मॉस्कोत त्याचे निधन झाले.

मार्च १९२२ मध्ये कुक आणि ग्लास्पेल ग्रीसला निघून गेले. जाण्यापूर्वी संस्थेचे नाव कोणी परस्पर वापरू नये म्हणून तिची कायदेशीर नोंदणी करून ठेवली होती. वर्षभर काम थांबवायचे ठरले होते, प्रत्यक्षात मूळ संस्था तिथेच संपली. कुक डेल्फीच्या डोंगरात मेंढपाळांबरोबर त्यांच्यासारखे कपडे घालून राहिला, गावकऱ्यांना घेऊन नाटकेही केली. जानेवारी १९२४ मध्ये तो तिथेच वारला. ग्रीक सरकारने अपोलोच्या देवळातला एक दगड त्याच्या कबरीसाठी दिला.

मॅक्डूगल स्ट्रीटवरचे नाट्यगृह ओनील, रॉबर्ट एडमंड जोन्स आणि केनेथ मॅकगोवन यांनी नव्या व्यवस्थेत पुढे चालवले. मंदीच्या तडाख्यात डिसेंबर १९२९ मध्ये ती व्यवस्थाही बंद पडली. इमारत टिकली, हात बदलत राहिली आणि शेवटी न्यूयॉर्क विद्यापीठाकडे आली. विद्यापीठाने २०१० च्या सुमारास ती बहुतांशी पाडून नवी बांधली, तेव्हा जुन्या भिंतींचा भाग आणि छोटे नाट्यगृह राखले. प्रॉव्हिन्सटाउनमध्ये १९२३ पासून दुसऱ्या मंडळींनी उन्हाळी नाटके सुरू केली आणि नाव बदलत, जागा बदलत ती परंपरा चालू राहिली.

ओनीलला १९३६ मध्ये नोबेल मिळाले. ग्लास्पेल प्रॉव्हिन्सटाउनला परतली, कुकचे चरित्र लिहिले, १९३१ मध्ये नाटकासाठी पुलित्झर मिळवले आणि १९४८ मध्ये त्याच गावात तिने शेवटचा श्वास घेतला. त्यानंतर तिचे नाव जवळपास विसरले गेले. १९७० च्या दशकापासून ‘ट्रायफल्स’चे वाचन आणि प्रयोग पुन्हा वाढत गेले. एक स्वयंपाकघर, तीन पुरुष, दोन बायका आणि अर्ध्या तासाच्या आसपासचा वेळ एवढ्यावर ती उभी राहते, म्हणून महाविद्यालयांची आणि हौशी संस्थांची मंडळे ती आजही करतात.